दादा दोनदा बाहेर आला

डोंगर फोडून बोगदा काढायचं काम चालू होतं आणि त्या कामावर भाऊ-बहीण दोघंही होते. दादा आत, इलेक्ट्रिशियन. दिवे, केबली, हवेचे पंखे सगळं त्याच्या गळ्यात. बहीण बाहेर, बोगद्याच्या तोंडापासून चढावर उभ्या केलेल्या पत्र्याच्या ऑफिसात, कॉम्प्युटरवर. दादा तिला ठमी म्हणायचा. कामगार तोंडावर ताई म्हणायचे आणि पाठीमागे 'टकटक', कारण तिची बोटं चालायला लागली की पत्र्याच्या भिंतीपलीकडे ऐकू यायचं.

फाटकावरची नोंदणी ठमीने बसवलेली होती. तिच्या आधी तिथे एक लाकडी फळी होती, फळीला खिळे, आणि प्रत्येक खिळ्यावर एकेका माणसाचा पितळी बिल्ला. आत जाताना बिल्ला काढून खिशात घालायचा, बाहेर आल्यावर आपल्या खिळ्यावर अडकवायचा. लोक बिल्ले खिशात घालून तसेच घरी जायचे, मग त्या माणसाला शोधत फिरावं लागायचं. फळी गेली, कार्ड आलं. बोगद्यात कातळाच्या भोकांत सुरुंगाची दारू भरायला घेतली की नवी फेरी सुरू झाली असं धरायचं. त्या फेरीत माणूस एकदाच आत जाणार आणि एकदाच बाहेर येणार; मध्ये लघवीलासुद्धा सुटका नाही, असा कडक नियम. जाताना कार्ड टेकवायचं, येताना टेकवायचं. दर वेळी डेटाबेसच्या टेबलात एक ओळ पडायची: कोणाचं कार्ड, कोणती फेरी, आत की बाहेर. आत जाणाऱ्यांच्या ओळी आणि बाहेर येणाऱ्यांच्या ओळी सारख्या झाल्या की बोगद्याच्या तोंडावरचा लाल दिवा हिरवा व्हायचा. हिरवा म्हणजे आत कोणी उरलं नाही. मग सुरुंग लावणारे म्हातारे सुरुंगकाका भोंगा द्यायचे आणि बार उडायचा.

एकच नोंद दोनदा येऊ शकते हे ठमीला माहीत नव्हतं असं नाही. कातळाजवळ वायफायचा जीव अर्धा. कार्ड टेकवलं की फाटकावरचं यंत्र नोंद पाठवायचं आणि वरून 'पोचली' असा निरोप आला नाही तर तीच नोंद पुन्हा पाठवायचं. म्हणून तिने प्रोग्राममध्ये लिहून ठेवलं होतं, की आधी टेबलात बघ, या माणसाची अशी ओळ आहे का. नसेल तरच घाल. चार वेळा करून पाहिलं होतं, चारही वेळा बरोबर चाललं होतं. खरं तर हा नियम टेबलालाच घालायला हवा, म्हणजे दुसरी ओळ कितीही ढकलली तरी डेटाबेसच ती घेणार नाही, हेही तिच्या डोक्यात होतं. पण चालतंय ना, मग बघू पुढे, असं करत ते राहून गेलं होतं.

त्या दिवशी दुपारी हाताला काम नव्हतं. ठमीने ठरवलं, आज लावूनच टाकू. चालत्या टेबलाला एकदम हात लावायला नको म्हणून तिने त्याची ताजी प्रत बाजूच्या मशीनवर घेतली आणि तिथे नियम लावायला गेली: कार्ड, फेरी आणि दिशा हे तिन्ही मिळून एकदाच.

डेटाबेसने नकार दिला. अशा ओळी आधीच दोनदा आहेत, म्हणाला, आणि त्यातलं एक कार्डही दाखवलं.

"अगं बाई," ठमी स्वतःशीच म्हणाली. जुना कचरा असणार, असं तिला वाटलं. सुरुवातीच्या दिवसांतली कुठली तरी नोंद. ती काढून टाकू आणि परत लावू. तिने कार्डाचा नंबर वाचला. तो तिला पाठ होता. दादाचा.

मग तिने फेरी वाचली. आत्ताची फेरी. दिशा, बाहेर. दोन्ही ओळींची वेळ एकच, सेकंदसुद्धा तोच.

काय झालं असणार ते तिला कोणी सांगावं लागलं नाही. दादाने कार्ड टेकवलं, वायफाय मेलं, यंत्राने नोंद पुन्हा पाठवली, आणि वायफाय परत आल्यावर दोन्ही नोंदी हातात हात घालून एकदमच वर पोचल्या. दोघींनी एकाच क्षणी टेबलात डोकावलं, दोघींनाही जागा रिकामी दिसली, दोघी आत शिरल्या. आधी बघ आणि मग घाल. बघणं आणि घालणं यांच्या मधली फट तिच्या लक्षातच आली नव्हती.

ठमीला राग आला, स्वतःचाच. खुर्चीत मागे टेकून तिने खिडकीतून खाली पाहिलं. बोगद्याच्या तोंडावरचा दिवा हिरवा होता.

तेवढ्यात पहिला भोंगा झाला.

भोंगा रोजचाच. पहिला झाला की सगळ्यांनी मागे सरायचं, दुसरा झाला की आडोसा धरायचा, तिसऱ्यानंतर बार. रोज तो तिच्या कानावरून जायचा, खालून ट्रक जावा तसा. त्या दिवशी तो ऐकून ती सरळ बसली. हिरवा दिवा ओळी मोजून लागतो. बाहेरच्या ओळींत दादाची एक ओळ फुकटची आहे. तरी बेरीज जुळली आहे. म्हणजे कोणाची तरी एक ओळ यायची राहिली आहे.

पलीकडच्या टेबलावर पाळीचे साहेब कागदावर काहीतरी खरडत बसले होते. भला माणूस, पण कुठलीही गोष्ट दोनदा सांगितल्याशिवाय त्यांच्या गळी उतरत नसे.

"साहेब, बार थांबवा."

"का हो?"

"दादा दोनदा बाहेर आलाय."

साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला. "म्हणजे परत आत गेला की काय?"

"नाही हो. एकदाच आला. नोंद दोनदा झालीय."

"मग दुरुस्त करा. त्यात बार थांबवायचं काय आहे? दिवा हिरवा आहे की. तुम्हीच आम्हाला शिकवलंत ना, दिव्यावर विश्वास ठेवा म्हणून?"

"साहेब, दिवा माणसं मोजत नाही, ओळी मोजतो!" तिचा आवाज फाटला. "दादाची एक जास्त आहे आणि तरी हिशोब जुळतोय. मग कमी कोणाची आहे? कोणीतरी आत आहे साहेब!"

या वेळी एकदाच पुरलं. त्यांनी सुरुंगकाकांच्या खोपटातला फोन लावला. घंटा वाजत राहिली. पहिल्या भोंग्यानंतर काका खोपटात कशाला असतील, ते बाहेर आडोशाला, बार उडवायच्या यंत्रापाशी. दारू भरली की वायरलेस आणि मोबाइल बंद ठेवायचे असा नियम होता, त्यांच्या लहरींनीसुद्धा बार पेटू शकतो म्हणून. सगळ्यांच्या जिवासाठी केलेला तो नियम आता त्यांच्याच मुळावर आला होता.

"उचला ना, उचला," साहेब रिसीव्हरला विनवत होते.

ठमी दार ढकलून धावत सुटली.

ऑफिसपासून खाली उतरणारी वाट खडीची होती. ती एवढी कधी धावली नव्हती. शाळेतसुद्धा खेळाच्या तासाला तिचं डोकं दुखायचं. एक चप्पल वाटेतच सुटली. अर्ध्या वाटेवर दुसरा भोंगा झाला. ती ओरडत होती, "काका थांबा! काका!" पण भोंग्यापुढे तिचा आवाज तिलाच ऐकू येत नव्हता. डोक्यात मात्र एकच चाललं होतं, की ती दुसरी ओळ कशी आली याबद्दल आपली चूक झाली असेल तर? दादा खरंच बाहेर आला का? ओळी दोन आहेत, पण माणूस? कार्ड दुसऱ्याच कोणी टेकवलं असेल तर? दादाच आत असेल तर?

चहाच्या शेडचा कोपरा वळली आणि तिला दादा दिसला. हातात कागदी कप, हेल्मेट काखेत, कोणाशी तरी हसत बोलत होता. ठमीच्या छातीतून इतका मोठा श्वास सुटला की ती तिथेच खाली बसली असती. दादा बाहेर आहे. देवा, दादा बाहेर आहे. आणि त्याच श्वासात तिला स्वतःची भीती वाटली, कारण क्षणभर, अगदी क्षणभर, आत दुसरं कोणीतरी आहे ही गोष्ट तिच्या मनातून पार पुसली गेली होती.

"ठमे, काय झालं? चप्पल कुठंय तुझी?"

"आत माणूस आहे," ती म्हणाली. "काकांना थांबव. मला धाववत नाहीये."

दादाने कोण, का, काही विचारलं नाही. कप टाकला आणि निघाला. त्याची टांग लांब. भिंतीच्या आडोशापाशी सुरुंगकाका गुडघ्यावर बसलेले, समोर पेटीसारखं यंत्र, किल्ली आत बसवलेली, एक हात किल्लीवर, दुसरा भोंग्याच्या बटणावर. तिसरा भोंगा सुरू झाला होता. दादाने लांबूनच दोन्ही हात हवेत नाचवले. काकांनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग वर हिरव्या दिव्याकडे, मग मागून एका पायाने अनवाणी लंगडत येणाऱ्या ठमीकडे. हा माणूस जन्मभर दारूशी खेळलेला. हिरव्या दिव्यापेक्षा त्या पोरीचा चेहरा त्यांना खरा वाटला असावा. त्यांनी भोंग्यावरचा हात उचलला, यंत्रातली किल्ली ओढून काढली आणि मुठीत धरली. यंत्राला जोडलेल्या दोन तारा सोडवून, चुकूनही वीज आत जाऊ नये म्हणून, त्यांची टोकं एकमेकांना पिळून टाकली. तेवढं सगळं झाल्यावरच तोंड उघडलं.

"कोण आहे आत?"

ठमीने तोंड उघडलं आणि तिच्या लक्षात आलं की तिला माहीत नाही. धावण्याच्या नादात तिने पाहिलंच नव्हतं.

माणसं आडोशातून बाहेर यायला लागली. जो तो शेजाऱ्याला चाचपत होता. "तू आहेस ना? तो कुठंय? मघाशी इथंच होता." सगळे एकदम बोलत होते, त्यामुळे कोण नाही ते कोणालाच कळत नव्हतं. ठमी फाटकावरच्या छोट्या मशीनपाशी जमिनीवर बसली आणि कीबोर्ड मांडीवर घेतला. अगदी सोपा प्रश्न होता: या फेरीत ज्यांची आत जायची ओळ आहे पण बाहेर यायची एकही नाही, असे कोण? झोपेतही लिहिता आला असता. बोटं ऐकत नव्हती. एकदा अक्षर चुकलं, मशीन कुरकुरलं. पुन्हा लिहिलं, पुन्हा चुकलं. तेवढ्यात साहेब धापा टाकत खाली पोचले होते. ते तिच्या मागे येऊन उभे राहिले आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. तिसऱ्यांदा बरोबर आलं.

एकच नाव. नाव वाचून कोणाला पटकन उलगडा झाला नाही, कारण त्या नावाने त्या माणसाला कोणी हाक मारतच नसे.

"अरे, हा तर बेडूकराव!" दादा म्हणाला.

बेडूकराव म्हणजे पंपवाला. बोगद्यात कातळातून पाणी पाझरायचं, ते एका बाजूच्या कोनाड्यातल्या खड्ड्यात जमायचं आणि तिथून पंपाने बाहेर फेकायचं. बारा महिने गुडघाभर पाण्यात उभं राहून काम करणारा माणूस, म्हणून बेडूक. आणि वयाने मोठा, म्हणून राव. पंपाच्या शेजारी राहून राहून कानाने अधू. कोनाडा वळणाच्या आड होता. पंप चालू असला की तिथे भोंगा काय, आभाळ कोसळलं तरी ऐकू आलं नसतं.

"त्या कोनाड्यात मी डोकावलो नाही," काका हळूच म्हणाले. "पूर्वी डोकवायचो. हाका मारत मारत शेवटी बाहेर यायचो. दिवा आल्यापासून..." त्यांनी वाक्य तसंच सोडलं. ठमीला ते पुरं ऐकण्याची गरज नव्हती.

"तिथपर्यंत दगड गेले असते का?" कोणीतरी विचारलं.

"दगड कशाला," काका म्हणाले, "हवेचा धक्काच पुरे."

दादा फाटकाजवळच्या वीजपेटीकडे गेला. आतली वीज दारू भरतानाच तोडलेली असायची, फक्त पंपाची लाइन वेगळी होती. "पंप बंद करतो," तो म्हणाला. "मग हाका तरी ऐकू येतील." त्याने खटका ओढला. बोगद्यातून इतका वेळ येणारी घरघर थांबली आणि मग जी शांतता पसरली ती घरघरीपेक्षा वाईट होती. काका तोंडापाशी जाऊन ओरडले, "बेडूकराव! ओ बेडूकराव!" हाक आत गेली, कातळावर आपटली, परत आली. तिच्यामागून दुसरं काही आलं नाही.

"मी जातो," काका म्हणाले. "दारू माझी आहे. बाकी कोणी पाऊल टाकायचं नाही."

"आत अंधार आहे काका, केबली पायात येतील. मी आहे बरोबर," दादा म्हणाला आणि हेल्मेटवरची बत्ती लावली.

ठमीने त्याची बाही धरली. आत भरलेली दारू जशीच्या तशी होती, किल्ली काढली म्हणून ती काही पाण्याची झाली नव्हती. नको जाऊस, असं तिच्या ओठांवर आलं. पण कोणत्या तोंडाने म्हणायचं? दादाने तिची बोटं एकेक करून सोडवली, लहानपणी रस्ता ओलांडल्यावर सोडवायचा तशी.

दोन्ही बत्त्या आत गेल्या, बारीक झाल्या, वळणाशी दिसेनाशा झाल्या.

साहेबांनी हाताने दिवा लाल करून घेतला होता. कोणी बसलं नाही, कोणी चहा प्यायला नाही. ठमी फाटकाच्या लोखंडी खांबाला धरून उभी होती. अनवाणी पायातून रक्त येत होतं ते तिला कोणीतरी दाखवलं तेव्हा कळलं. एवढ्या दिवसांत कधीच न केलेली गोष्ट ती करत होती, आत गेलेल्यांची आई कोण, बायको कोण, घरी काय सांगायचं, याचा विचार. बेडूकरावांच्या घरी कोण आहे तेही तिला ठाऊक नव्हतं. तिच्यापाशी त्यांचा फक्त कार्डाचा नंबर होता. आणि ते पाण्यात घसरून पडले असतील तर? डोकं आपटलं असेल तर? हाकेला उत्तर का नाही दिलं?

बऱ्याच वेळाने आतून आवाज आला. आधी चिखलातल्या बुटांचा, मग माणसांचा. कोणीतरी भांडत होतं.

"पण पंप बंद कोणी केला? मी विचारतोय, बंद केला कोणी?"

वळणातून तीन बत्त्या आल्या. मधली बेडूकरावांची. कमरेपर्यंत भिजलेले, हातात गाळाने माखलेली पाइपाची जाळी, चेहऱ्यावर संताप. "अर्धी जाळी साफ झाली होती," ते बाहेर येत म्हणाले. "आता पाणी परत चढणार. निस्तरणार कोण? मी! आणि हा काय बाजार भरलाय इथे?"

एकजण रडायला लागला, एकजण हसायला. बेडूकरावांनी सगळ्यांकडे पाहिलं, काकांच्या मुठीत अजून धरलेल्या किल्लीकडे पाहिलं, भिंतीच्या आडोशाला मांडलेल्या पेटीकडे पाहिलं. त्यांच्या हातातली जाळी खाली पडली. मग ते खडीवर बसले. दादाने चहा आणून दिला, तो त्यांनी बाजूला ठेवला.

ठमी बेडूकरावांपुढे गेली. "काका, माझी चूक झाली. दिवा माझ्यामुळे हिरवा झाला." बेडूकरावांनी तिच्याकडे पाहिलं, त्यांना ऐकू गेलं की नाही कळलं नाही. ती पुन्हा, मोठ्याने म्हणाली. सगळ्यांसमोर ते मोठ्याने म्हणणं धावण्यापेक्षा अवघड गेलं.

बार दोन दिवस बंद राहिला. वरच्या ऑफिसातून माणसं आली, त्यांनी खोदून खोदून विचारलं, ठमीने काहीही न लपवता सांगितलं. साहेबांनी सांगितलं की नोंद हिने चुकवली आणि पकडलीही हिनेच, आणि मी फोन हातात धरून बसलो होतो. तिची नोकरी राहिली. जास्तीच्या ओळी तिने शोधून काढल्या. दादाची एकटीच नव्हती. आधीच्या फेऱ्यांत आणखी दोन सापडल्या, त्या वेळी नशिबाने आत कोणी उरलेलं नव्हतं, बाकीचे बाहेर येऊन गेल्यावरच त्या पडल्या होत्या. मग तिने टेबलालाच नियम घातला. आता एकच नोंद दोनदा आली, एकदम आली, मागून आली, कशीही आली, तरी डेटाबेस पहिली ठेवतो आणि दुसरी दारातच सोडून देतो, आणि यंत्राला सांगतो की तुझं काम झालंय, पुन्हा पाठवू नकोस. दिवाही आता ओळींची बेरीज करत नाही. आत गेलेल्या प्रत्येकाला शोधतो, हा आला का, हा आला का. त्याउपर काकांनी आपली अट घातली: बार उडवण्याआधी ते स्वतः नावं पुकारणार, दिवा काहीही म्हणो. ठमीने मान डोलावली. तिलाही तेच हवं होतं.

घरी जेवताना दादाने तो विषय काढला नाही. शेवटी तिनेच विचारलं, "आत जाताना घाबरला नाहीस?"

"घाबरलो की," तो म्हणाला. "पाय लटपटत होते. काकांचेही लटपटत होते. वाटेभर ते मला दटावत होते, हळू चाल, हळू चाल म्हणून, आणि स्वतः दोनदा माझ्या अंगावर पडले." मग हसला. हसता हसता ताट बाजूला सारलं.

काम पुन्हा सुरू झालं त्या सकाळी बेडूकराव चढ चढून ऑफिसात आले. आतल्या पाळीचा माणूस सहसा वर येत नसे. दारात उभे राहिले, बुटांतून पाणी ठिबकत होतं, आत यायला संकोच वाटत होता.

"ताई, मला दाखव," ते म्हणाले. "त्या दिवशी मी कुठे होतो ते."

ठमीने स्क्रीन त्यांच्याकडे वळवली आणि त्यांची ओळ शोधून दिली. आत. त्याच्याखाली, साहेबांच्या सहीने नंतर घातलेली, बाहेर. बेडूकराव वाकून बघत राहिले. वाचता येत होतं त्यांना, तरी एकेका अक्षरावर बोट ठेवत होते.

"एवढंच?"

"एवढंच, काका."

"आणि त्या वेळी ही खालची नव्हती."

"नव्हती."

त्यांनी बोट स्क्रीनवरून उचललं. मग म्हणाले, "घरी नाही सांगितलं मी अजून. सांगू का?"

ठमीने शेजारची खुर्ची पुढे ओढली, त्यांना बसवलं, आणि पाणी आणायला उठली.